रुडोवोचा डावा पाय

"करशील ना, अल्बिन?" अध्यक्षांनी विचारले.

क्लबच्या कँटीनमध्ये दाटीवाटीने माणसे बसली होती, तरी चहाच्या पेल्यात लिंबाची फोड बुडण्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता पसरली. सूर्यफुलाच्या बिया सोलणारी बोटेसुद्धा जागच्या जागी थांबली. रुडोवोच्या, म्हणजे आमच्या गावच्या, माणसांची बोटे थांबणे ही साधी गोष्ट नव्हे. ती प्रेतयात्रेतही खिशात बिया चाचपत असतात. मी टेबलाच्या मधोमध, हिरव्या मखमलीवर ठेवलेला होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण अल्बिनकडे पाहण्याचे धैर्य कोणातही नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी बूट आहे. डाव्या पायाचा. मला उजवा भाऊ नाही आणि कधी नव्हताही. स्पीडवेच्या शर्यतीत चार मोटारसायकली अंडाकृती धावपट्टीवर चार फेऱ्या मारतात, नेहमी डावीकडेच वळतात, आणि त्यांना ब्रेक नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे आणि डावा पाय जमिनीवर टेकवून ते घसरणे सावरायचे, एवढीच या खेळाची विद्या. त्या टेकलेल्या पायाखाली, चामड्याच्या बुटावर पट्ट्याने आवळलेला, मी असतो. माणूस आणि माती यांच्यामध्ये मावेल एवढीच माझी जागा. पण सारे काही घसरत असताना माणूस तेवढ्याच जागेवर विसंबून असतो.

आणि त्या दुपारी हीच जागा पणाला लागली होती. आमचा क्लब एका पिढीनंतर अव्वल लीगमध्ये पोहोचला होता, पण ज्याने त्याला तिथवर नेले त्या अल्बिनला संघात जागा उरली नव्हती. अध्यक्ष त्याला दुसऱ्या गावच्या क्लबकडे पाठवणार होते. तत्पूर्वी त्याने एक काम करायचे होते: वसंतातल्या पहिल्या सामन्याला सगळ्यांसमोर गुडघे टेकून मला नव्या स्वाराच्या, डेन्मार्कच्या येस्परच्या, पायात चढवायचे. येस्पर एक फेरी मारणार, छायाचित्रे निघणार, आणि मग मी काचेच्या पेटीत जाणार. पेटी तयारही होती. काच फुंकून पोट भरणाऱ्या गावाला पेटी बनवायला कितीसा वेळ लागतो?

माझा जन्म एका बसच्या बंपरमधून झाला. काचकारखान्याच्या कामगारांची ने-आण करून ती बस भंगारात निजली होती. गेरार्ड आठवडाभर भट्टीवर काच फुंकायचा आणि रविवारी मोटारसायकल पळवायचा. त्याने बंपरचा जाड तुकडा कापला, तापवला, ठोकून आपल्या डाव्या तळव्याला बेतला, चवड्यावर टोपी जोडली, टाचेमागे चामड्याचा पट्टा लावला. पहिल्यांदा मला घालून तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याची बायको गेनोवेफा, जिला आज सारे गाव गेन्याकाकू म्हणते, बीटाच्या सारातला डाव हातात धरूनच म्हणाली, "चर्चची घंटा घरात आणलीस की काय! आता शेजारी प्रार्थनेला येतील."

टण, धप. टण, धप. डावा पाय पोलादाचा, उजवा कातड्याचा. गेरार्ड गल्लीतून निघाला की पडदे बाजूला व्हायचे.

पहिल्या वळणाशी मातीचा एक उंच बांध आहे. तिथे खुर्च्या नाहीत. मागच्या चाकांनी उडवलेली दगडाची कच सरळ त्या बांधावर कोसळते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच उभी राहतात. घरी जाऊन जेवताना दाताखाली कच कचकचली नाही, तर सामना पाहिला असे रुडोवोत कोणी मानत नाही.

गेरार्डचा गुडघा निकामी झाला त्या वर्षी एक रिवाज पडला. त्याच बांधासमोर तो दुखऱ्या गुडघ्यावर कसाबसा खाली बसला आणि त्याने माझा पट्टा एका तरुणाच्या पायावर आवळला. तेव्हापासून मला कोणी विकत घेतलेले नाही, कोणी बक्षीस म्हणून जिंकलेले नाही. जाणाऱ्याने येणाऱ्यापुढे गुडघे टेकायचे, आणि येणारा याच बांधावर कच खाऊन वाढलेला असायचा. त्या तरुणाचे नाव रेमिगियुश.

होय, तोच रेमिगियुश आज अध्यक्ष आहे.

त्याचा पाय मी वर्षानुवर्षे सांभाळला. पायांना खोटे बोलता येत नाही, मित्रांनो. चेहऱ्यांनी केलेली सगळी लपवाछपवी शेवटी तळव्यापाशी येऊन संपते. ज्या सामन्यात आम्ही अव्वल लीगमधून खाली पडलो, त्या सामन्याच्या अखेरच्या वळणावर रेमिगियुशचा पाय माझ्या आत थरथरत होता. नंतर तो हसत हसत बांधाकडे हात हलवत गेला. बांधाला ते हसू दिसले. ते थरथरणे मला ठाऊक आहे.

मग क्लबची दैना झाली. धावपट्टीवर गवत उगवले, मी छपरीतल्या खिळ्याला लटकलो, गंजलो. गंजाला मी शत्रू मानत नाही. ज्या दिवसांत कोणाचा हात लागत नव्हता, त्या दिवसांत तो निदान स्पर्श करत होता. पुढे रेमिगियुशनेच दारोदार फिरून माणसे जमवली, स्वतः गवत उपटले, मला खिळ्यावरून उतरवले, आणि एका पावाच्या भट्टीवाल्याच्या मुलापुढे गुडघे टेकले. तो मुलगा अल्बिन. त्याच्या पायाला पिठाचा वास यायचा. सुरुवातीला तो माझ्यावर फार भार टाकायचा, घाबरलेली माणसे टाकतात तसा. हळूहळू तो हलका टेकू लागला. माझा तळ आमच्या वळणांनी घासून घासून एका बाजूला उतरता झाला होता, कडा नदीतल्या गोट्यासारखी गोल झाली होती. त्या उतारावर तिघांची आयुष्ये लिहिलेली होती, आणि अल्बिनचा पाय ती वाचायला शिकला. या शरदात त्याने अखेरच्या फेरीत दोघांना मागे टाकले आणि आम्ही वर गेलो. बांध रडत होता. इतकी माती तोंडावर असताना रडणे लपत नाही.

आणि मग प्रेमाने घात केला.

चाहत्यांची बस चालवणाऱ्या वाल्देमारला वाटले की विजयाच्या मिरवणुकीला बूट कसा झळकला पाहिजे! तो गुपचूप मला मेव्हण्याच्या कारखान्यात घेऊन गेला. तिथे माझा उतार घासून सपाट केला, कडा काटकोनात धारदार केली आणि वरून निकेलचा मुलामा चढवला. मला आरसा करून टाकले. त्यात पाहून कोणालाही भांग पाडता आला असता. मला मात्र माझा चेहरा सापडेना. मिरवणुकीच्या फेरीत, पहिल्याच वळणावर, अल्बिनने विश्वासाने पाय टेकला. धारदार कड मातीत रुतली, पाय पिरगळला, आणि सारे गाव पाहत असताना तो सायकलच्या वेगात तोंडघशी पडला. आधी लोक हसले. मग गप्प झाले. त्या गप्प होण्यातच पुढच्या सगळ्याचे बीज होते.

तर, कँटीनमधल्या त्या शांततेला पहिला तडा वाल्देमारनेच दिला.

"कुणी बोलत नाही तर मी बोलतो. एवढी वर्षं आपण दुसऱ्यांचे सामने टीव्हीवर बघितले. आता वर आलोय तर वर राहू या ना! येस्पर जगातल्या पहिल्या दहांत आहे. आणि आपला अल्बिन? पोरगा सोन्यासारखा आहे, पण मिरवणुकीत पडणारा माणूस वरच्या लीगमध्ये काय उभा राहणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले.

"वाल्देमार," गेन्याकाकू बसल्या जागेवरून म्हणाली, "तोंड उघडलंस ते बरं झालं. आत काही नाही, हे तरी सगळ्यांना दिसलं."

"काकू, मी खोटं बोललो का?"

"अर्धं बोललास. उरलेलं अर्धं मी बोलते. माझ्या नवऱ्यानं आणि या दोघांनी घासून घासून गोल केलेली कड तुझ्या मेव्हण्यानं एका दुपारीत सुरी करून ठेवली. तो पडला नाही रे, तुम्ही पाडलात."

"अहो, प्रेमानं केलं होतं!"

"प्रेमानंच केलंस. म्हणून तर त्या दिवशी कुणी तुला शब्दानं बोललं नाही. हा अल्बिनसुद्धा नाही. पाय सुजवून घरी गेला, पण तुझं नाव नाही घेतलं त्यानं. आणि तू आज त्याचंच पडणं मोजायला बसलास?"

वाल्देमारने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून पुन्हा घातली.

रेमिगियुश खुर्चीतून उठला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "काकू, नियम मी केलेले नाहीत. एकवीस वर्षांच्या आतले दोन स्वार, चोवीसच्या आतला एक, या जागा लीगनं बांधून दिल्यात. अल्बिन सत्तावीसचा आहे. उरलेल्या जागांवर चांगले स्वार घेतले नाहीत, तर पुढच्या शरदात परत खाली. खाली पडणं काय असतं ते मला विचारा. त्या दिवशी हा बूट माझ्या पायात होता."

खरे बोलत होता तो. आणि बोलताना त्याचा डावा पाय टेबलाखाली थरथरत होता. मला कळत होते. मी त्याला फार पूर्वीपासून ओळखतो.

"होता ना?" गेन्याकाकू आता हळू बोलली. "मग सांग, आपण पडलो तेव्हा तुझ्याबरोबर गवत उपटायला कोण आलं होतं? जगातले पहिले दहा?"

या वेळी हसू मोठे होते, पण त्याला मीठ लागलेले होते.

"आणि बांध पण काढताय म्हणे," कोणीतरी विचारले. "काचेची भिंत घालणार?"

"कच उडू नये म्हणून. नवे प्रेक्षक येतील, त्यांचे कपडे..."

"कपडे!" बाकांमागून बाक तो शब्द उच्चारत गेले, जणू कोणी प्रार्थनागृहात शिवी दिली होती.

रेमिगियुशने कपाळ पुसले. तो अल्बिनकडे वळला आणि त्याने लाडाचे संबोधन वापरले, जे तो फक्त शर्यतीआधी वापरत असे. "बाळा, तुझ्यासाठी चांगली जागा बघितलीय मी. एक वर्ष. फक्त रिवाज तेवढा पाळ. मी तुझ्यापुढे टेकले होते ना गुडघे? तसे तू त्याच्यापुढे टेक. लोकांना धीर येईल. मग हा बूट पेटीत सुरक्षित राहील. कायमचा."

कायमचा. मित्रांनो, या शब्दाला मी भीत नाही, पण त्याच्यापुढे मानही तुकवत नाही.

तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावरची धूळ पुसा, जरूर पुसा. पण तिची झीज पुसू नका. झीज म्हणजे खराबी नव्हे. माणसाचे वजन वर्षानुवर्षे ज्या दिशेने झुकले, त्या दिशेची ती खूण असते. जपणे म्हणजे झळकवणे असे ज्यांना वाटते, त्यांनी मला एकदा पाडून पाहिले आहे. मला पेटी नको. मला कच हवी, ठिणगी हवी, पावसाने जड झालेली माती हवी. येस्परशी माझे वैर नाही; त्याच्याही गावी एखादा बांध असेल, आणि तिथली कच त्याच्या दातांत असेल. पण ज्याने आमच्या बांधावर उभे राहून कच खाल्लेली नाही, त्याच्या पायात शोभेसाठी चढण्यापेक्षा मी पुन्हा बंपर होईन. संघ वर जावो की खाली पडो, मी तळव्याखालीच असेन. तळाला पडण्याची भीती कोणी घालू नये.

अल्बिन उठला. तो टेबलापाशी आला आणि खरोखरच खाली वाकला. त्याने एक गुडघा फरशीवर टेकला. रेमिगियुशच्या चेहऱ्यावर सुटकेची छाया उमटली. गेन्याकाकूने डोळे मिटून घेतले.

अल्बिनने मला मखमलीवरून उचलले, स्वतःचा डावा पाय पुढे घेतला, मला त्यावर चढवले आणि पट्टा आवळला, टाचेमागे, शेवटच्या भोकापर्यंत. त्याच्या पायाला अजून पिठाचा वास होता. तो थरथरत नव्हता.

मग तो उभा राहिला आणि दाराकडे चालू लागला. टण, धप. टण, धप. बाकांवरचे पाय त्याला वाट करून देण्यासाठी आपोआप मागे सरकत गेले. वाल्देमार उठून उभा राहिला आणि त्याने टोपी पुन्हा काढली. आता ती छातीशी कशी धरायची, हे त्याला बरोबर कळले होते.

"अल्बिन," रेमिगियुश म्हणाला. "अरे, हो की नाही?"

दाराबाहेर धावपट्टीकडे जाणारी काँक्रीटची खडबडीत वाट होती. तिच्यावर पहिलेच पाऊल पडले आणि माझ्या तळव्यावरचा निकेलचा मुलामा खरवडला गेला. दुसऱ्या पावलाला आणखी थोडा. आणि अल्बिन मागे वळून न पाहता पहिल्या वळणाच्या दिशेने चालत राहिला.