शुक्रीच्या करवंटीतले तेल

मित्रांनो, मी एक जुनी करवंटी आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार काही असेल, असे मला वाटत नाही. खोबरे निघाले की नारळ संपला, असेच लोक धरून चालतात. तरी जमेल तसे सांगते.

नरपडच्या एका वाडीतला नारळ फुटला आणि आम्ही दोघी बहिणी वेगळ्या झालो. तिला दांडा बसवून तिची डवली केली. ती जन्मभर पेज ढवळत राहिली. मला शुक्रीने काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केले आणि माझ्यात मोहाच्या बियांचे तेल ओतले. डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पाड्यावर तिचे घर होते. आखडलेले सांधे चोळून, हळूहळू हलवून मोकळे करायचे, हे तिचे काम. ती मला उन्हात ठेवून तेल कोमट करी. मग डोळे मिटून दुखऱ्या सांध्यावर अंगठा फिरवी, जणू आत कोणी बोलत असावे आणि ती ऐकत असावी. माझे बूड गोल. पण गवताच्या चुंबळीवर मी अशी बसे की थेंबही सांडत नसे. याचा मला थोडा अभिमान होता, खोटे कशाला बोलू?

शुक्री पैसे घेत नसे. बऱ्या झालेल्या अवयवाने पहिले काम तिच्या घरी करायचे, अशी रीत होती. पाय बरा झाला तर रानातून मोळी आणायची; हात बरा झाला तर विहिरीचे पाणी काढून द्यायचे. ते झाले की शुक्री मला पालथी घाली. त्या दुखण्यासाठी मग पुन्हा तेल भरायचे नाही. भरले तर दुखणे घर करून बसते, असे पाड्यावर सारे मानत.

एकोणीसशे अठ्ठावनच्या सुमाराची गोष्ट. चंपा ही शेजारच्या पाड्यावरची विधवा बाई चिकूच्या वाडीत कामाला जाई. शिडीवरून पडून तिचे कोपर मोडले. डहाणूच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले, हाड नीट जुळले. "आता हात हलवत राहा," असे त्यांनी बजावलेही होते. पण भीतीने ती हात छातीशीच धरून बसली आणि कोपर आखडले. जाळीची लांब काठी उंच धरल्याशिवाय चिकू उतरवता येत नाहीत. मुकादम अमृत म्हणाला, "हात सरळ होईल तेव्हा ये. तोवर दुसरी बाई बघतो."

चंपा रोज शुक्रीकडे येऊ लागली. कोपर जरा सैल झाले न झाले तोच एका सकाळी ती घागर घेऊन विहिरीवर गेली आणि खांद्याच्या जोरावर पाणी ओढून आली.

"घे बाय, हात बरा झाला माझा."

"झाला?" शुक्रीने तिच्या वाकड्या कोपराकडे पाहिले. "विहिरीला विचारलंस की कोपराला?"

"थट्टा नको करू. वाडीत दुसरी बाई शिरली तर मी खाऊ काय? घाल करवंटी पालथी."

समोर पाण्याची घागर होती. रीत पुरी झाली होती. तिने मला पालथी घातली.

काही दिवसांतच कोपर पुन्हा धरले. काठी हातात राहीना. परत यावे तर रीत आडवी येई, आणि परत येणे म्हणजे शुक्रीचा हात खोटा ठरवणे. शुक्रीलाही बोलावणे धाडता येईना. ती मला उचलून पाही आणि पुन्हा तशीच ठेवून देई. शेवटी एकदा चंपा दारात आली.

"काय गो, काय दुखतं?"

चंपाने मान खाली घातली. "गुडघा."

तिचा गुडघा हरणासारखा होता, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होते.

"मग गुडघ्याचंच तेल भरायला पाहिजे," शुक्री गंभीरपणे म्हणाली. "बस पाय पसरून. पण मी नाही चोळणार. त्याच हाताने मांडीपासून घोट्यापर्यंत तूच चोळ."

चंपा चोळू लागली. हात घोट्याकडे जाताना कोपर कण्हत कण्हत उघडू लागले. तेवढ्यात शुक्रीने मला उचलले आणि मी सांडले, नेमकी चंपाच्या कोपरावर!

"करवंटी म्हातारी झाली, डुगडुगते," शुक्री म्हणाली. "आता सांडलेलं पुसायला नको?" आणि पुसता पुसता तिचे दोन्ही अंगठे कोपरात रुतले.

मित्रांनो, मी त्यानंतर रोज सांडले. रोज माझ्यावर आळ आला. आधी वाईट वाटले, मग वाटेनासे झाले. चिकू उतरायला लागले तेव्हा चंपाची काठी वाडीत सर्वांत उंच होती. पाणी तिने पुन्हा काढून दिले, "गुडघ्याचं" म्हणून.

पुढे मलमाच्या नळ्या आल्या. शुक्रीकडे येणारे कमी झाले. मी कोनाड्यात पडले, माझ्या काठाला तडा गेला. शुक्रीची बोटेही हळूहळू वळली. पण दुसऱ्यांचे सांधे सोडवणारीने आपले दुखणे कोणाला सांगावे? परवा चंपा आली. तिने मला धुतले, तेल भरले.

"माझ्या हाताला काही नाही झालेलं," शुक्री पुटपुटली.

"हात कोण म्हणतंय? गुडघा दुखतो का, ते सांग."

शुक्री हसली. "दुखतो गो. फार दुखतो."

तुमच्याही घरी असे लाजणारे कोणी असेल. त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका. जवळ बसा, थोडे तेल सांडा. आणि माझ्यासारखीला पालथी घालण्याची घाई करू नका. चंपा उद्याही येणार आहे.