पहिल्या नगाचा मान

पिरंगुटच्या इंडक्शन शेगडीच्या कारखान्यात खरेदीप्रमुख बंडोपंतांनी एक शोध लावला. शेगडीत वीज साठवून सोडणारा, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा कपॅसिटर असतो, त्याऐवजी पॉलिएस्टरचा बसवायचा. क्षमता तीच, व्होल्ट तेच, आकार लहान, भाव निम्मा. अडलं होतं ते तपासणी विभागातल्या गौतमीच्या सहीवर. ती सोमवारी नोकरीत कायम होणार होती. सही केली नाही तर पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायला जाणार होती. हे बंडोपंतांनी तिला अत्यंत प्रेमळपणे सांगितलं होतं.

तिने मालक जनार्दनशेठना बोलावलं आणि दोन शेगड्यांवर पाणी ठेवलं. दहा मिनिटांनी वीज बंद करून कपॅसिटरचं तापमान घेतलं. जुना एकेचाळीस अंश, नवा शहाण्णव.

"साध्या मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात," ती म्हणाली. "पण शेगडीत वीज सेकंदाला पंचवीस हजार वेळा पुढेमागे होते. तिथं पॉलिएस्टर वीस-तीस पट जास्त वीज खातो आणि स्वतःच तापतो."

"शेगडी आहे ती, तापणारच!" बंडोपंत म्हणाले. "आपण विकतो काय? उष्णता!"

"बरुबर हाय की," शेठ म्हणाले.

"भांड्याखालची विकतो, साहेब. पोटातली नाही."

"गौतमीताई, शेठना वेळ नाही."

गौतमीने पेन उघडलं. "करते सही. मग पहिला नग तुमच्या घरी, ना?"

नव्या भागाच्या पहिल्या नगाला हार घालायचा आणि तो भाग सुचवणाऱ्याच्या घरी पाठवायचा, ही शेठनी घालून दिलेली पद्धत.

"व्हय, व्हय!" शेठ खूश झाले. "आजच न्या, बंडोपंत. वहिनींना म्हणावं, रोजचा सैपाक ह्याच्यावर."

"आमच्याकडे पाइपचा गॅस आहे."

"मग च्याला वापरा."

"ही चहा घेत नाही."

"दूध तापवा."

"तसं नाही शेठ, आमच्या सोसायटीत घरोघरी धुराचा अलार्म बसवलाय."

बंडोपंतांना आपण काय बोललो ते जरा उशिराच ऐकू आलं.

शेठनी गौतमीच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि फाडला.

"जुनाच माल मागवा. आन ही पोरगी हितंच ऱ्हाईल, कायम," ते म्हणाले. "तिचं आकडं मला कळलं न्हाईत, बंडोपंत. तुमचं तोंड कळलं."