कोरड्या बैठकीतला माठ

मी माठ बोलतोय. हसू नका. आमच्या टेसो मुलखात माठाला मान असतो. माणसं त्याच्याभोवती बसतात, तो कुणाभोवती बसत नाही.

कुमी गावाजवळच्या एका म्हातारीने मला थापटून घडवलं, भाजलं, आणि एटियांगच्या बापाने बाजारातून घरी आणलं. माझं काम एकच. पोटात आंबवलेली नाचणी भरायची, वर गरम पाणी ओतायचं, आणि गोल बसून ज्याने त्याने आपली लांब नळी माझ्यात सोडून दारू ओढायची. नळी उजव्या हातात धरायची. आत फुंकर मारायची नाही, आणि वाकून डोकावायचं तर मुळीच नाही. सोयरिकी, भांडणं, मयताची रडारड, सगळं माझ्याभोवती झालं आणि मी पोटभर ऐकलं.

बाप गेल्यावर मी एटियांगच्या वाट्याला आलो. तोही आधी चार माणसांत बसायचा. मग माणसं कमी होत गेली आणि पिणं वाढत गेलं. शेवटी झोपडीमागे तो, मी आणि एकच नळी. आमच्याकडे पिणाऱ्याला कोणी फारसं बोलत नाही, पण एकट्याने पिणं म्हणजे तोंड लपवायची पाळी. मलासुद्धा लाज वाटायची, पण माठ उठून जाणार कुठे?

त्याची बायको अकितेंग मात्र उठून गेली. लेकीला घेऊन माहेरी. जाताना म्हणाली, "कुमीला रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणे. तिथे जाऊन शेवटपर्यंत बस. तू बसलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसलास तर परत येईन. नाहीतर मला बायको म्हणू नकोस."

एटियांग रडकुंडीला आला. बायको-लेकीवर त्याचा जीव होता हो, उगाच का खोटं बोलू? रविवारी त्याने मला घासूनपुसून लख्ख केलं, डोक्यावर घेतलं आणि निघाला. दारू सोडायच्या बैठकीला दारूचा माठ कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण बैठकीला हात हलवत जायचं नाही, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. शिवाय गोल बसायचं तर मध्ये काय ठेवणार?

वाटेत बैठक कुठे भरते असं ज्याला विचारावं तो डोक्यावरच्या मला बघायचा आणि पिणाऱ्यांकडे बोट दाखवायचा. ते बिचारे खुर्ची सरकवायचे, नळी पुढे करायचे. मला न पिणाऱ्यांची बैठक हवीय, असं हा म्हणाला की हसून हसून लोळायचे. तरी प्रत्येक ठिकाणाहून तो तसाच कोरडा उठला. मग चर्चच्या मागे एक घोळका दिसला. गोल बसलेला आणि चक्क गप्प! गोल बसून गप्प राहणारी माणसं आमच्या मुलखात कोणी पाहिलीत? हीच ती बैठक, हे मीसुद्धा ओळखलं.

ती चालवायची अमुगेकाकू. दवाखान्यात नर्स, स्वतः दारू सोडलेली. तिथे सगळ्यांची नावं सांगून व्हायची आणि मग जो तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसायचा. हातात धरायला काही नाही, मध्ये बघायला काही नाही, बोलणार कसं? एटियांगने मला सवयीने बरोबर मधोमध ठेवलं.

"उचल आधी ते," काकू कडाडली. "आम्ही इथे काय सोडायला बसलोय, कळतंय का तुला?"

"काकू, धुतलाय हो," एटियांग पुटपुटला.

"राहू दे गं," इलुकोर नावाचा म्हातारा म्हणाला. "चहाचं पाणी उकळलंय ना, तेच ओत. समोर माठ नसला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

काकूने कपाळावर हात मारला आणि पाणी ओतलं. भराभर पिशव्यांतून नळ्या निघाल्या. सोडलेल्यांच्या पिशवीत नळ्या कशा, हे काकूने विचारलं नाही, कारण तिच्या पर्समधूनही एक निघाली. मग सगळे गंभीर चेहऱ्याने गरम पाणी ओढू लागले. जन्मात असा प्रकार मी पाहिला नव्हता!

बऱ्याच वेळाने एटियांग बोलला. "मी एकटा प्यायचो. झोपडीमागे. लेक हाका मारायची, मी ओ द्यायचो नाही."

सगळ्यांच्या नळ्या थांबल्या. मग इलुकोर हळूच म्हणाला, "मीही." त्यानंतर काकू म्हणाली, "मीही."

नेमकी तेव्हाच अकितेंग नवरा खरंच बसलाय का ते बघायला आली. तिला काय दिसलं? नवरा, माठ आणि तोंडात नळी. ती तरातरा आत घुसली, त्याच्या हातातली नळी हिसकावली आणि पुरावा म्हणून जोरात ओढली. थांबली. पुन्हा ओढली.

"हे पाणी आहे."

"हो."

"नुसतं? एवढी घोडी झालेली माणसं दुपारभर गरम पाणी ओढताय? डोकी ठिकाणावर आहेत ना?"

"शेवटपर्यंत बस म्हणालीस," एटियांग म्हणाला. "अजून संपली नाही बैठक. बसतेस?"

तिने मनगटाने डोळे पुसले, कुंपणापाशी उभ्या लेकीला हाक मारली आणि बसली. नळी काही परत दिली नाही.

आता मी चर्चच्या खोलीत असतो. दर रविवारी मला बाहेर काढतात. पोटातला नाचणीचा वास कधीच गेला. काठापासून एक चीर मात्र खाली उतरायला लागली आहे. झोपडीमागे होतो तेव्हा रोज वाटायचं, एकदाचा फुटलो तर बरं होईल. आता फुटायची भीती वाटते. म्हणून सांगतो, कधी मला उचलायची वेळ आली तर दोन्ही हातांनी उचला.