दोडक्याजवळचं मडकं

माझी बायको विजयमाला गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्याच वाफ्यांना पाणी देत होतो.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती जऊळक्याला माहेरी गेली होती. तिची भावजय आजारी होती. तिला भेटून संध्याकाळी केनवडला परत यायचं, असं ठरलं होतं. निघताना अंगणातूनच म्हणाली, "वांग्याले दोन बादल्या टाकजा. दोडक्याले एकच. अन् बुडाशी टाकजा, पानायवर नको." मी बरं म्हणालो. ती रोजच असं सांगायची आणि मी रोजच बरं म्हणायचो.

उन्हं उतरल्यावर मी मागच्या परसात गेलो. फोन घरात खाटेवर होता, तो वाजलेला मला ऐकू आला नाही. शेजारचा देवानंद कुंपणापाशी येऊन उभा राहिला. तिच्या भावानं शेवटी त्याला फोन केला होता.

"काय झालं रे?"

"काका, पहिले ते बादली खाली ठेवा."

मी ठेवली नाही. दोडक्याच्या आळ्यात सगळी रिकामी केली आणि मग त्याच्याकडे वळलो. तो बोलत नव्हता तोवर काही झालेलं नव्हतं.

भावजयीजवळून उठताना तिच्या छातीत कळ आली. वाशीमला नेईपर्यंतच सगळं संपलं. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या हाताला सलाईन तसंच लावलेलं होतं. बाटलीत अर्धं पाणी होतं.

पुढे आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे जलदानाचा विधी झाला. भंतेजी आले होते. त्यांनी गाथा म्हटल्या आणि माझी मुलगी पौर्णिमा आणि मी, दोघांनी एकच तांब्या धरून वाटीत पाणी सोडलं. वाटी भरते, वाहते, पाणी खालच्या परातीत जमतं. ते पाणी नंतर झाडाच्या मुळाशी टाकायचं असतं. आमच्या दारात मोठं झाड नाही. भंतेजी कोणाला काही सांगणार, तोच पौर्णिमानं परात उचलली आणि मागच्या दारानं थेट परसात गेली. तिनं ते पाणी दोडक्याच्या वेलाला घातलं. तिच्या मागून तिच्या मावश्या गेल्या, शेजारणी गेल्या. प्रत्येकीनं ड्रममधून एकेक तांब्या भरून वेलाला दिला. मी दारात उभा राहून पाहत होतो. मला ते बरं वाटलं.

तो दोडका विजयमालानं माहेरून आणलेला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या मायनं पदरात बी बांधून दिलं होतं. आखूड, जाड, कवळ्या शिरांचा दोडका आहे. कधी कडू निघत नाही. बाजारात मिळतात ते लांब असतात, दिसायला चांगले, पण तिला ते आवडायचे नाहीत. दरवर्षी ती दोन दोडके वेलावर वाळू द्यायची आणि पुढच्या साली त्यातलंच बी लावायची. तिच्या माहेरी आता कोणी बी ठेवत नाही. औंदा आमच्याही बियात उंदीर शिरला. उरलं तेवढं सगळं तिनं आळ्यात टाकलं. त्यातून दोनच वेल उगवले. म्हणजे तो दोडका आता जगात असलाच तर आमच्या परसात, दोन वेलांवर.

लोक भेटायला येत राहिले. चहा व्हायचा, बोलणं व्हायचं, मग विजयमालाला माई म्हणणाऱ्या बायांपैकी कोणीतरी म्हणायचं, "माईचे झाडं पाहू द्या जरा." परसात जाऊन एक तांब्या ओतून यायच्या. कोणी ठरवलं नव्हतं, पण तशी रीतच पडली. पलीकडच्या गल्लीतल्या मोतीबाई तर सकाळ-संध्याकाळ यायच्या. त्या आमच्या समाजातल्या नाहीत, पण त्या आणि विजयमाला सारी हयात एकाच शेतात तण निंदायला बसल्या. मोतीबाई पाणी टाकताना वेलाशी बोलायच्या. "घे वं बाई, मालकीण गेली तं काय झालं, मी आहो ना." पौर्णिमा वाशीमहून दर रविवारी यायची. आली की पर्स खांद्यावर असतानाच आधी बादली घ्यायची.

पानं पिवळी पडू लागली. दुपारी वेल माना टाकायचे. मोतीबाई म्हणाल्या, "तहानला बिचारा. ऊन काय तपून राह्यलं!" म्हणून मीही पाणी वाढवलं. पहाटे एक बादली, सांजेला एक. तरी एक वेल खालपासून वाळत गेला. मला वाटलं, जीव लावणारं माणूस गेलं की झाडंही जातात. लोकही तेच म्हणत होते.

वेलांच्या मांडवाचा एक बांबू कलला होता. तो नीट रोवावा म्हणून मी जरा दाबला तर चाकू लोण्यात जावा तसा खाली गेला. आमची काळी जमीन, चैत्रात पहार घातली तरी ठणकते. बांबू उपसून काढला. टोकाला काळा चिखल आणि नालीसारखा वास. वाळलेला वेल धरला तर ओढावाही लागला नाही, हातातच आला. मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती.

वेल तहानेनं नव्हता गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून तो बुडवला होता.

मी तिथेच बसलो. दुसऱ्या वेलाला अजून शेंड्याकडे चार पानं हिरवी होती. त्याच्या बुडाची माती मी हातानं मोकळी केली, चिखल बाजूला काढला आणि हवा लागू दिली. पाणी बंद केलं. पण माझ्यापुढे दुसरी अडचण होती. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली होती. ती विजयमालानंच घेतली होती. पानांत लपलेले दोडके मला दिसत नाहीत, म्हणून चिडायची. "डोये आहेत का बटनं?" म्हणायची. ऑपरेशननंतर काही दिवस वाशीमला पौर्णिमाकडे राहायचं, पुढे घरी आल्यावरही वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मी नसताना वेल कोणाच्या भरवशावर सोडायचा? पाणी दिलं नाही तर उन्हानं जाईल. द्या म्हटलं तर गाव पुन्हा बुडवेल.

देवानंद सलाईनच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आला. "काका, हे लटकवा मांडवाले. चकरी इतकी फिरवा का थेंब थेंब पडला पायजे. माया साल्यानं मिरच्या जगवल्या याच्यावर."

मी बाटलीकडे पाहिलं. "दुसरं काही सांग रे बाबू."

त्याच्या लक्षात आलं. त्यानं बाटल्या पिशवीत परत टाकल्या. "चुकलं काका." मग जाऊन कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली, झाकणाला छिद्र पाडून ती वेलाजवळ उलटी खुपसली. आम्ही चहा पिऊन परत येईस्तोवर ती रिकामी झाली होती. जमीन पुन्हा ओली गच्च. देवानंद म्हणाला, "हे तं दारुड्यासारखं गटागटा पेलं!" त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

मडक्याचं मला माहीत होतं. माझा बाप शेताच्या बांधावर आंब्याचं रोप असंच जगवायचा. साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्यानं भरायचं, तोंडावर खापर किंवा फरशी ठेवायची. पाणी मडक्याच्या अंगातून पाझरतं. जमीन कोरडी असली तर जास्त, ओली असली तर नाहीच. झाडाला हवं तेवढं ते ओढतं. मला हे सुचायला इतका वेळ लागला.

मागच्या सालचं मडकं पडवीत होतं. वेलापासून वीतभर अंतरावर खड्डा केला, ते पुरलं, भरलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाणी जसंच्या तसं. परत काढलं. बाहेरून पांढरं पडलेलं होतं. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं त्याची छिद्रं बुजली होती. म्हणून तर त्यात पाणी गार होत नव्हतं आणि म्हणूनच विजयमालानं औंदा नवं घेतलं होतं. ते नवं मडकं स्वयंपाकघरात तिवईवर होतं. तिनं ते केनवडच्या बाजारात दहा मडकी वाजवून निवडलं होतं. त्यातलं पाणी ती जेमतेम काही दिवस प्यायली.

मी ते रिकामं करून उचललं. मागच्या दारातच मोतीबाई भेटल्या.

"भाऊ, हे कुठे चाललं?"

"पुरतो. वेलाजवळ."

"अवो! मयत झालेल्या घरचं मडकं मातीत घालता का? काही अक्कल?"

"मोतीबाई, तुमच्यात मडकं फोडतेत. आमच्यात तसं काही नाही."

"अन् तुमी पानी कायचं पेसान?"

"स्टीलच्या हंड्यातलं."

"गरम?"

"गरम."

त्यांनी मडक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "थांबा. एकट्यानं नका उचलू, फुटलं तं विजयमाला मले सपनात येऊन शिव्या देईन." दोघांनी मिळून ते पुरलं. भोवती सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पसरलं, जमीन तापू नये म्हणून. सकाळी हात घालून पाहिलं तर मडक्यातलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. बाजूची माती नुसती ओलसर, मुठीत धरली तर बसणारी. चिखल नाही.

रविवारी पौर्णिमा आली. पर्स खांद्यावर, हात बादलीकडे. मी म्हणालो, "पौर्णिमा, बादली ठेव."

"काहून?"

मी तिला वाळलेला वेल दाखवला. मुळं दाखवली. पाणी जास्त झाल्यानं गेला, एवढंच सांगितलं. कोणी टाकलं ते बोललो नाही. पण ती काही लहान नाही. तिच्या हातातली बादली तशीच लोंबत राहिली.

"म्हणजे मीच मारला का बाबा?"

"सगळ्यायनं. मी बी रोज दोन बादल्या टाकत होतो."

"मायच्या वेलाले मी पानी देत होती बाबा. मले तिकडे काहीच करता येत नाही. ऑफिसात बसून राहते, घरी येऊन सैपाक करते. आठवडाभर मनात येते, इथं येईन अन् मायच्या वेलाले पानी देईन. एवढंच तं होतं. आता ते बी नको म्हणता?"

मला बोलता येत नाही. विजयमाला असती तर तिनं पोरीला पोटाशी धरलं असतं, मग एखादी शिवी देऊन हसवलं असतं. मी वाकून मडक्यावरची फरशी बाजूला केली.

"वेलाले नको देऊ," मी म्हणालो. "मडक्याले दे."

तिनं बादली खाली ठेवली.

"तू जितकं देशीन तितकं ते ठेवते. वेलाले लागन तवा तो घेते. आज नाही घेतलं तं उद्या घेईन. तुयं दिलेलं वाया जात नाही, पोरी."

ती खाली बसली आणि तांब्यानं मडकं भरू लागली. सावकाश, धार न मोडता, त्या दिवशी वाटीत सोडलं होतं तसं. काठोकाठ झाल्यावर थांबली. मी फरशी ठेवली. ती म्हणाली, "बाबा, हे मायचं मडकं ना?" मी हो म्हणालो. तिनं पदरानं फरशी पुसली. तिच्यावर काही घाण नव्हती.

ज्या बाया येतात त्यांना आता मोतीबाईच दम देतात. "वेलाले हात लावू नोका, पानी मडक्यात टाका. भरेल असन तं नुसतं पाहून घरी जा." मी ऑपरेशनला गेलो तेव्हा तेवढ्याच भरवशावर गेलो. पौर्णिमाकडे पट्टी बांधून पडलो होतो तर मोतीबाईंनी देवानंदच्या फोनवरून विचारलं, "भाऊ, तुमचा वेल काही पेते का नाही? मी रोज जाते तं मडकं अर्धं भरेलच राह्यते. मी आंघोय करून नुसती येरझाऱ्याच मारू का?"

"मारा," मी म्हणालो. "तेवढंच काम आहे."

"लय सोपं काम देलं बाप्पा. असं काम तं जवानीत नाही भेटलं."

परत आलो तेव्हा वेलानं मांडव धरला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायचं नाही, म्हणून उभ्यानंच पाहिलं. पानं हिरवी होती आणि त्यांच्यावरच्या शिराही मला दिसल्या. पिवळी फुलं होती. पानांआड लपलेले दोडकेही दिसले, एक नाही, तीन. पहिला मोतीबाईंनी नेला. कडू नाही म्हणाल्या. बाकीचे दोन मी तोडले नाहीत. एकाला पौर्णिमानं तिच्या जुन्या ओढणीची चिंधी बांधली आहे, चुकून कोणी भाजीला नेऊ नये म्हणून.

मडकं आता दोन-तीन दिवसांतून एकदा भरावं लागतं. ज्याला आठवण येते तो भरतो. वांग्यांचे दोन वाफे अजून बादलीवरच आहेत. त्यांच्यासाठी मडकी आणायची आहेत, पण मला अजून खड्डा करता येत नाही. राखलेले दोन्ही दोडके हिरवेच आहेत. ते वाळायचे आहेत. बी अजून निघालेलं नाही.