पाण्याच्या नळीत मेंढी

जनावरांच्या रोगांच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘हातनको’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. तिच्या खोलीच्या दाराला कुणी नुसती पाठ टेकली तरी आतून आवाज यायचाच, “हात नको!”

मांस कुठल्या जनावराचं आहे ते ओळखणं, हे तिचं काम. वाटाण्याएवढा तुकडा घोटायचा, त्यातला डीएनए काढायचा, यंत्रात वाढवायचा आणि मग जांभळ्या उजेडात त्याच्या रेघा बघायच्या. शेळीची रेघ वर, मेंढीची खाली. इतक्या नाजूक चाचणीत वाऱ्यावर उडालेला कणसुद्धा लुडबुड करतो. म्हणून ती दर वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. त्या नळीनं गप्प बसायचं. ती बोलली, म्हणजे तिच्यात एखादी रेघ उमटली, तर बाकीच्या नळ्यांचं ऐकायचंच नाही.

आणि त्या आठवड्यात पाण्याच्या नळीत मेंढी आली.

“फिकट आहे हो,” साहेब फोटोवर वाकून म्हणाले. “खाटकाच्या नमुन्यात जरा जास्त दिसतेय. शेळीत मेंढी मिसळली, झालं. देऊन टाका रिपोर्ट.”

बोकडाचं म्हणून मेंढीचं मटण विकतो, अशी त्या खाटकाविरुद्ध तक्रार होती. दुकानाला सील लागलेलं. रिपोर्ट उलटा गेला की परवाना कायमचा जाणार.

“साहेब, पाणीच खोटं बोलतंय, तर मटणाचं खरं कसं मानू? पलीकडच्या खोलीत रोगाची चाचणी करताना तुम्हीच सांगता ना, पाणी बोललं तर कळप मारायचा नाही म्हणून? मग हा काय माणूस आहे म्हणून मारायचा?”

“बाई, मला वरून फोन येतायत. अजून किती थांबायचं?”

“पाणी गप्प होईपर्यंत.”

तिनं पाणी बदललं, रसायनं बदलली, टेबल ब्लीचनं पुसून काढलं. मेंढी हजर. सफाईवाल्या मावशींचं फडकं बदललं. मेंढी हजर. साहेबांच्या बुटांकडे ती इतक्या संशयानं बघायला लागली, की ते बिचारे उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागले. दारावर ‘हात नको’ची नवी पाटीही लागली, जुनीपेक्षा मोठी.

खाटीक रोज येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. धिप्पाड माणूस, पण बाकाच्या अगदी कडेला टेकायचा.

“काय म्हणतोय आमचा बोकड, ताई?”

“काम चालू आहे.”

“मेंढी माझ्या दुकानात कधी आलीच नाही. मला लहानपणापासून तिचा वास सहन होत नाही.”

“वासावर रिपोर्ट निघत नाही, भाऊ,” ती म्हणाली, आणि आत गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

मग एसी बंद पडला. एरवी त्या खोलीत दात वाजायचे. त्या दिवशी भट्टी झाली. तिनं स्वेटर काढून बाहेरच्या खुंटीला अडकवलं आणि कालचेच नमुने, कालचंच पाणी पुन्हा लावलं.

पाणी गप्प! एक रेघ नाही.

तिला आधी आनंद झाला. मग तिची नजर खुंटीकडे गेली आणि आनंद तिथंच राहिला.

ते स्वेटर सासूबाईंनी विणलेलं होतं. नणंदेच्या मेंढ्यांची लोकर, घरीच कातलेली आणि अर्धवट धुतलेली, कारण “फार धुतली की ऊब जाते.” सासूबाईंनी इतक्या वर्षांत तिच्यासाठी स्वतःच्या हातानं केलेली ही पहिलीच वस्तू. गेल्याच रविवारी दिली होती. बाह्या लांब होत्या, कोटाच्या बाहेर बोटभर यायच्या. तिला ते फार आवडलं होतं. उघड्या नळ्यांवरून दिवसभर तेच मनगट फिरत होतं.

तिनं बाहीचा एक पुंजका उपटला आणि नळीत घालून लावला. आठवड्यातली सगळ्यात ठळक मेंढी तीच निघाली.

मग स्वेटर पिशवीत बांधून तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“सापडली.”

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं. “हात लावू?”

“आता लावा.”

एसी दुरुस्त झाला. स्वेटरशिवाय, कुडकुडत, तिनं नमुन्याचा सीलबंद ठेवलेला अर्धा भाग पहिल्यापासून तपासला. पाणी गप्प. खाटकाच्या नळीत एकच रेघ, वरची.

रिपोर्ट हातात घेऊन खाटकानं तो बोट फिरवत वाचला. “म्हणजे बोकडच. मग इतके दिवस कशात गेले, ताई?”

साहेबांनी वर कळवताना ‘तांत्रिक अडचण’ असं लिहिलं होतं. तिलाही तेच म्हणता आलं असतं.

“तुमच्या मटणात मेंढी दिसत होती. ती माझ्या अंगावरची निघाली. सासूबाईंनी विणलेलं स्वेटर घालून काम करत होते.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

“आठवडाभर दुकान बंद होतं माझं. गिऱ्हाईक समोरच्याकडे गेलं.”

“हो. चूक माझीच.”

तो उठला. दारापर्यंत जाऊन वळला. “सासूबाईंना सांगा, पुढचं सुताचं विणा म्हणावं.”

घरी तिनं पिशवी पुढे केली आणि सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

“जगाला हात नको म्हणतेस, आणि तुझेच हात…”

“हो.”

“बाह्या मी मुद्दाम लांब केल्या होत्या. चहाचा कप देतेस ना, तेव्हा तुझी बोटं लागतात. बर्फ असतात नुसती.”

सासूबाईंनी कपाटातून सुताचा गुंडा काढला, चष्मा शोधला, सापडला तो डोक्यावरच.

“म्हणे सुताचं विणा! खाटकाला काय कळतंय विणकामातलं,” त्या पुटपुटल्या. “हं, हात दे इकडे. माप घेते.”