मासे दर्शनाला येतात

उजाडायच्या आत तळ्याच्या काठावर चारशे माणसं जमली होती आणि एकालाही खोकला येत नव्हता. फळ्या ठोकून केलेल्या मचाणावर जलस्वामी बसले होते. त्यांनी उजवा हात वर केला, डोळे अर्धे मिटले आणि खर्जात सुरुवात केली.

"पाण्यात प्राण, प्राणात नाद, नादात मी आणि माझ्यात तुम्ही! या लेकरांनो, वर या!"

आणि मासे वर आले. खोटं कशाला सांगू, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आधी एक, मग दहा, मग तळ्याचा सगळा कोपराच तोंडांनी भरून गेला. हजारो मासे पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करत होते. "जप करतायत बिचारे," शेजारची म्हातारी म्हणाली आणि रडायलाच लागली. लोकांनी पिठाचे गोळे, दूध, फुलं पाण्यात सोडली. ऊन चढलं तसे मासे खाली गेले. "लेकरं समाधीत गेली," असं सांगून स्वामींनी हात खाली घेतला. त्यांचा हात दुखायला आणि ऊन चढायला रोज एकच वेळ कशी साधते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. हा एकविसावा दिवस होता.

मी चटया विणणारा माणूस. आमच्या तळ्यावर तीन वस्त्या जगतात: मासेमारांची, शेतकऱ्यांची आणि लव्हाळे कापून चटया विणणाऱ्या आमची. पूर्वी पाण्यावरून डोकी फुटायची. मग वडिलांच्या पिढीने शहाणपण केलं. पाटाचं ताजं पाणी ज्या लोखंडी दारातून तळ्यात येतं, त्या दाराला तीन कुलपं लावली आणि प्रत्येक वस्तीला एक किल्ली दिली. तिघं जमले तरच दार उघडायचं. दर सोमवारी ते उघडायचं, आणि त्याच दिवशी शाळेतल्या बाई वस्तीतल्या दोघीतिघींना घेऊन होडीतून पाणी तपासायच्या. बाटलीत तळ्याचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की पाण्यात प्राणवायू किती आहे ते कळे. लव्हाळे किती कापायचे, जाळी कधी बंद ठेवायची, सगळं त्यावरून ठरे. व्यवस्था झकास होती. खोट एकच, तिघांपैकी एकाची अक्कल गहाण पडली की तिन्ही वस्त्यांचा कारभार ठप्प.

ती पडली माझ्या भाऊजींची. ताईचा नवरा म्हणजे मासेमारांचा किल्लीवाला. स्वामी म्हणाले, "दार उघडाल तर लेकरांची समाधी मोडेल. काच आणि लोखंड पाण्याला लावाल तर पाणी शापेल." भाऊजींनी किल्ली काढून त्यांच्या पायावर ठेवली, आणि स्वामींनी ती गळ्यात घातली. तीन सोमवार दार बंद, बाईंची होडीही बंद.

भाऊजी मूर्ख नव्हते, हे मला आज सांगितलंच पाहिजे. दोन वर्षं जाळ्यात काही लागत नव्हतं. यंदा मासेमारांनी स्वतःच ठरवून, पोटाला चिमटा काढून, दोन महिने जाळी उन्हात टांगून ठेवली, कारण तळ्यातली मासळी गाभोळीला आली होती. ती अंडी पडली तर घर तरणार होतं. नाही पडली तर घर सोडून शहरात विटा वाहायला जायचं, हे ताईने आणि भाऊजींनी ठरवूनच टाकलं होतं. अशा माणसाला कुणीतरी येऊन "मासे माझ्या हाकेला येतात" म्हणालं, तर तो कुलपाच्या किल्लीबरोबर काळीजसुद्धा काढून देतो. मी मात्र माझ्या छपराखाली बसून चार गिऱ्हाइकांना स्वामींची नक्कल करून दाखवत होतो, हात वर करून, खर्जात. लोक पोट धरून हसायचे.

त्या दिवशी दुपारी ताई आली. तिने फडक्यातून एक मासळी काढून माझ्यापुढे ठेवली.

"बघ. पोट गाभोळीने भरलंय. जखम नाही, रोग नाही. अशा सोळा काठाला मेलेल्या सापडल्या."

"स्वामी काय म्हणाले?"

"म्हणाले, मुक्ती मिळाली."

"वा! मग आता आपलाही नंबर लवकरच."

"तुला चेष्टा सुचतेय?" ताई ओरडली. मोठी बहीण असूनही ती माझ्यावर कधी ओरडत नसे. "माझं घर बुडतंय रे! यांना सांगून दमले मी. तुला कळतंय ना काही? मग कर की काहीतरी!"

मी खाली मान घालून तिच्याबरोबर शाळेत गेलो. बाई फळा पुसत होत्या. त्यांनी मासळीचे कल्ले उघडून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

"या एकवीस दिवसांत मासे वर आले नाहीत, असं कधी झालं?"

"तीनदा. त्या दिवशी स्वामींचं मौन होतं. उगवतीला उठले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, आज दर्शन नाही."

"हवा कशी होती?"

मला आठवलं. तिन्ही दिवस माझ्या वाळत घातलेल्या चटया उडाल्या होत्या. "वारा होता, बाई. सोसाट्याचा."

बाई खुर्चीत बसल्या. "मग त्याला सगळं ठाऊक आहे. कुठल्या तरी मत्स्यकेंद्रावर नोकरी केलेला असणार. वारा पाण्यात हवा मिसळतो, मग माशांना वर यायची गरज पडत नाही. आज वारा नाही आणि आभाळ भरून येतंय. उद्या ऊन पडलं नाही, तर मासे वर येतील ते खाली जाणारच नाहीत."

"मग आत्ताच कुलूप तोडतो मी!"

"तोडा. संध्याकाळी तीन वस्त्यांत काठ्या निघतील आणि परवा नवीन कुलूप लागेल, त्याची किल्लीही त्याच्याच गळ्यात. किल्ली तुमच्या भाऊजींनीच परत मागितली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आभाळ शिशासारखं होतं. मासे वर आले, जयघोष झाला, उजाडलं, तास उलटला, तरी मासे वरच. स्वामींनी हात खाली घेतला, पुन्हा वर केला, पुन्हा खाली घेतला. काही मासे आडवे व्हायला लागले.

"लेकरं रागावली आहेत!" स्वामी गरजले. "कुणीतरी मनात शंका धरली आहे!"

"मी धरली आहे," बाई म्हणाल्या आणि गर्दीतून पुढे आल्या. मी आणि ताईने मागून दोन टब आणले, तळ्याच्याच पाण्याने भरले आणि प्रत्येकात पाच-पाच मासे सोडले. दोन्हीकडे मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले.

"महाराज, हा टब तुमचा," बाई म्हणाल्या. "यातल्या लेकरांना खाली पाठवा. आणि भाऊजी, हा टब तुमचा. मंत्र नको. तांब्याने पाणी काढायचं आणि डोक्याएवढ्या उंचीवरून परत ओतायचं. थांबायचं नाही."

भाऊजी जागचे हलेनात. ताई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "माझ्यासाठी तरी ओता हो." त्यांनी तांब्या घेतला.

पाव तास तळ्यावर दोनच आवाज होते, स्वामींचा नाद आणि तांब्यातून पडणारं पाणी. हळूहळू भाऊजींच्या टबातला एक मासा खाली गेला, मग दुसरा, मग पाचही तळाशी जाऊन नीट पोहायला लागले. स्वामींच्या टबातले वरच होते. त्यातला एक उताणा झाला.

"हा जप नाही," बाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "ही धाप आहे. मासाही श्वास घेतो, पाण्यातल्या हवेचा. दिवसा उन्हात पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री तो नुसता खर्च होतो, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासे वर येतात, आणि ऊन पडलं की खाली जातात. ताजं पाणी तुम्ही बंद केलंत. वरून पीठ आणि दूध टाकलंत, ते कुजून उरलासुरला प्राणवायूही खातं. तीन आठवडे हे मासे गुदमरतायत, आणि आपण हात जोडून बघतोय!"

"पाखंड!" स्वामी किंचाळले.

भाऊजी मचाणाखाली जाऊन उभे राहिले. "महाराज, किल्ली."

"मूर्खा, शाप लागेल!"

"लागू दे. किल्ली द्या."

स्वामींनी मुठीत दोरा घट्ट धरला. ताई मचाणावर चढली आणि तिने तो सरळ त्यांच्या गळ्यातून ओढून काढला. कुणीही तिला अडवलं नाही.

तीन कुलपं निघाली, पण दार हलेना. तीन आठवड्यांचा गाळ आणि कुजकी पानं खाचेत बसली होती. पहारी लावून, रेटून, हातांची सालटी काढून ते उघडेपर्यंत दीड तास गेला. स्वामी त्या गडबडीत पसार झाले. शोधत असतील दुसरं एखादं दमलेलं तळं.

पाणी आलं तेव्हा दाराच्या तोंडाशी होते तेवढे मासे जगले. बाकीचं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं. आम्ही संध्याकाळपर्यंत मेलेले मासे उपसत होतो. ताई एकेक मासळी हातात घेऊन तिचं फुगलेलं पोट दाबून बघायची आणि ढिगावर ठेवायची. शेवटी तिने बघणंही सोडून दिलं.

भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुला पहिल्या दिवसापासून वाटत होतं ना, हा लबाड आहे म्हणून?"

"हो."

"मग तिथे चौघांत का नाही बोललास? मी ऐकलं नसतं, भांडलो असतो. पण बोलायचं तरी होतंस."

मी उठून पुन्हा मासे उपसायला लागलो. चार दिवसांनी ताई आणि भाऊजी शहराच्या गाडीत बसले.

म्हणून हे लिहितो आहे. फसणाऱ्याला हसणं फार सोपं असतं, मी ते तीन आठवडे केलं. डोळ्यांना दिसलं ते खोटं नव्हतं, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता, आणि अर्थ तपासायला दोन टब आणि एक तांब्या पुरला. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे रोज होतं का, कधी होत नाही, आणि का? आणि घरात बसून नका विचारू. गर्दीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्याच दिवशी विचारा.