दोन टोपल्यांची तीज

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. मुक्काम हिंगोली, कोर्टातली मध्यस्थीची खोली. सुताराने मला चौघांसाठी घडवलं. पण माझ्यावर बसतात दोघंच, तीही दोन टोकांना!

आधी मी व्हरांड्यात होतो. तारखेला आलेली माणसं भाकरी खाऊन मलाच हात पुसायची. पाय मोडला तसं मला मागं भंगारात टाकलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. मग इथल्या मध्यस्थ शिलाताईंनी पाय बसवून मला या खोलीत आणलं.

इथं कोणी निकाल देत नाही. शिलाताई दोघांचं ऐकतात आणि वाट त्यांनाच काढायला लावतात. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणून नावं बदलून सांगतो, नाहीतर मला चुगलखोर म्हणाल.

एकदा कनेरगाव नाक्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा देविदास आला. त्याच्यापासून वेगळी होऊन कळमनुरीत शिवणकाम करणारी त्याची बायको निलमही आली. त्यांची आठ वर्षांची लेक रीता कोणाजवळ राहणार, एवढाच वाद होता.

"लेक तांड्याची हाय, तांड्यावरच राहील," देविदास म्हणाला.

"तिची शाळा कळमनुरीत हाय. एकदा नेली की तुमी वापस पाठवणार न्हाई," निलम म्हणाली.

असं बराच वेळ चाललं. मला तर वाटलं, हे काही जमत नाही. शिलाताईंनी शांतपणे विचारलं, "रीताला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"तीज," दोघं एकदमच म्हणाले.

श्रावणात तांड्यावरच्या कुमारी पोरी टोपलीत गहू पेरतात आणि गाणी म्हणत रोज पाणी घालतात. ती तीज.

"मग गेल्या श्रावणात तिनं कुठं केली?"

देविदासनं मान खाली घातली. "तिच्या नावानं मी टोपली पेरली. लई वाट पाहिली. शेवटी माझ्या मायनं पाणी घातलं. म्हातारी कुवारीण झाली म्हणून सारा तांडा हसला."

निलम त्याच्याकडं बघतच राहिली. "मीबी पेरली होती, खोलीवर. पोरगी म्हणली, आई, एकटीनं गाणं न्हाई म्हणता येत."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी बोलत कुठं होता? नोटिसाच येऊन राहिल्या होत्या."

दोन्ही टोपल्यांत गहू उगवले होते, पोरीची तीज मात्र झालीच नव्हती. मला रडू आलं असतं, पण लाकडाला कुठलं रडू!

त्यानंतर आवाज उतरले. आणखी दोनतीनदा बसले, तेव्हा जमलं. शाळा आईजवळ, तीज आणि निम्मी सुटी तांड्यावर. सुटीच्या शेवटच्या दिवशी निलमनं स्वतः रीताला न्यायला तांड्यावर जायचं. जजसाहेबांनीही ते मान्य केलं. नवराबायको पुन्हा एकत्र आले, असं खोटं सांगणार नाही. पण बोलायला लागले.

पुढच्या श्रावणानंतर तिघं शिलाताईंना भेटायला आले. रीता माझ्या मधोमध बसली. तीज सरली की पोरी ते हिरवे कोंब मोठ्यांच्या पागोट्यात खोवतात. तिनं एक बापाच्या टोपीत खोवला, एक आईच्या वेणीत. मग माझ्या फटीतही एक खोवला.

"याला पागोटं न्हाई ना," ती म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी वडीलधारं मानलं नव्हतं. मला नवा रंग नको, गादी नको. तुमच्या घरचं भांडण कधी माझ्यापर्यंत आलंच, तर टोकांना खुशाल बसा. माझी मधली जागा तेवढी पुसून ठेवा. तिथं लेकरू बसतं.